चौथी चौकट

चप्पल लाइनीतल्या एका दुकानाची जाहिरात
ऐनवेळी रद्द झाली, म्हणून तो जन्मला.
सव्वातीन इंच जागा. मशीन साडेअकराला सुटणार.
फोरमन बाळगोंडा म्हणाला, काहीबी काढ, पण काढ.
रणगोंडा पैलवान आधीपासून होता,
गर्दन नसलेला, कुणाचं न ऐकणारा.
त्याच्या गुडघ्यापाशी मी एक थेंब सांडला.
सांडला म्हणजे खरंच सांडला, दौतीचं बूच सैल होतं.
थेंबाला दोन पाय दिले, तीन केस
आणि नाव : फुटाणा.

बोलायला गेला तर अडखळला.
ते मी ठरवलं नव्हतं, असं आजवर सांगत आलो.
ठरवलं होतं.
जागा भरायची होती, आणि 'व-व-वस्ताद'
हे 'वस्ताद'पेक्षा लांब असतं.

विनोद एकच.
"व-व-वस्ताद, म-म-मागं…"
"मागं काय बघतोस? मर्द पुढं बघतो!"
आणि मागून म्हस.
पाडव्याला नटवलेली, शिंगाला मोरपीस,
गंगावेशीतनं सुटलेली.
चौथ्या चौकटीत नुसता धुरळा
आणि धुरळ्यातनं "म्ह…"

सहा महिन्यांत गाव दुभंगलं.
एका तालमीनं ठराव केला : पैलवानाची टिंगल, फुटाणा हटाव.
शेजारच्या तालमीनं गणपतीत त्याचा नऊ फुटी पुतळा नाचवला.
महाद्वार रोडला डोकं वायरीत अडकलं,
तेवढा वेळ मिरवणूक खोळंबली.
लोक म्हणाले, बोलतोय तसाच चालतोय.
राजारामपुरीतल्या एका बाईंची सलग अकरा पोस्टकार्डं,
प्रत्येकावर एकच ओळ :
हे बाहुलं मरणार कधी?
हौसानं ती स्वयंपाकघरात खळीनं चिकटवली.
म्हणाली, अक्षर बघा की कसलं झ्याक.

मग कपिलतीर्थ मंडईतले मेहबूब बागवान आले.
हातात पेरूची पिशवी, पाठीशी पोरगं, आठ-नऊ वर्षांचं.
शाळेत ह्याला फुटाणा म्हणतात, एवढंच बोलले
आणि पेरू टेबलावर ठेवले.
भांडले असते तर बरं झालं असतं.
मी म्हणालो, उद्यापासून नीट बोलेल तो,
खोडरबर माझ्याच हातात आहे.
पोरानं मान हलवली. नाही.
"त-त-त…"
मी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं,
बागवानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
खाली मशीन चालू होतं. बरेच कागद छापून झाले असतील.
"तसं नको. त्याला ब-ब-बोलू द्या की पुरतं."

रात्रभर फुगा मोठा करत बसलो.
रणगोंडाचं मिटलेलं तोंड कसं दिसतं
मलाच ठाऊक नव्हतं, सात कागद फाडले.
फुटाण्यानं आठवडा घेतला.
सोमवारी 'म-म',
गुरुवारी कसंबसं 'मागं',
शनिवारी 'म्हस'.
तेवढे दिवस म्हसही थांबली,
एक पाय उचललेला, रवंथ करत.

खप घसरला. संपादक म्हणाले, विनोद मेला.
राजारामपुरीहून बारावं कार्ड आलं :
आजची म्हैस छान आहे.

मालक बदलले, मग पुन्हा बदलले.
आता फुटाणा मोबाइलवर असतो, गुळगुळीत,
बटाट्याएवढे डोळे,
वीस सेकंदांत घडाघडा बोलतो, नाद खुळा म्हणतो,
कुठल्याशा बिस्किटाचं नाव घेतो.
माझी नात हसते. मीही हसलो एकदा.
तसा वाईट नाही.
फक्त मागं काय आहे ते
आता त्याला दिसत नाही.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभा असतो,
फेसाळ ग्लास हातात.
पाठीमागं काहीतरी गरम श्वास सोडतं.
मी लगेच वळत नाही.
कुणीतरी सांगायला सुरुवात केली असेल.